स्लॅकलाइनची पट्टी बाद कधी करायची

स्लॅकलाइन म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून बांधायची आणि तोल सांभाळत वरून चालायची सपाट पट्टी. ही पट्टी तुटते ती एकाच ठिकाणी. पंधरा मीटर लांबीतले साडेचौदा मीटर नव्यासारखे असले आणि रॅचेटच्या, म्हणजे पट्टी रिळावर गुंडाळून आवळायच्या दातेरी यंत्राच्या, तोंडाशी वीतभर जागा खराब झालेली असली, तर त्या वीतभर जागेत जेवढी ताकद उरली तेवढीच अख्ख्या पट्टीची ताकद. त्यामुळे ‘पट्टी किती वर्षं चालते?’ याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. सगळ्यात वाईट जागा शोधायची आणि तिच्यावरून निकाल लावायचा. जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे उन्हाने झालेलं नुकसान, त्याचा हिशोब वहीत ठेवायचा. नागपूरच्या उन्हात वहीतला हिशोब डोळ्यांच्या तपासणीइतकाच कामाचा आहे.

इथे लिहितोय ते गवतावर किंवा मऊ मातीवर, गुडघा-मांडीच्या उंचीला बांधायच्या पट्टीबद्दल. हायलाइनला, म्हणजे खूप उंचावर बांधलेल्या पट्टीला, मुख्य पट्टीखाली वेगळी बॅकअप पट्टी असते, चालणाऱ्याला हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि लीश (तो पट्टीशी जोडणारा दोर) असते, आणि तिथले निकष याहून कितीतरी कडक असतात. इथला कुठलाही सल्ला सैल करून तिकडे वापरू नका.

आधी पट्टीवर जोर किती येतो ते पाहू. मधोमध उभ्या माणसाचं वजन गुणिले दोन झाडांमधलं अंतर, आणि त्याला पट्टी सरळ रेषेपासून जितकी खाली दबते त्याच्या चौपटीने भाग द्या. ७० किलोचा माणूस, १५ मीटर अंतर, ७५ सेंटिमीटर झोळ असेल तर ताण साधारण ३५० किलो, म्हणजे साडेतीन किलोन्यूटनच्या आसपास. तीच पट्टी इतकी घट्ट केली की माणूस उभा असताना झोळ ४० सेंटिमीटरच राहतो, तर ताण साडेसहाशे किलोच्या पुढे जातो. वर उसळ्या मारल्या की तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. नवशिक्यांना पट्टी घट्ट हवी असते, कारण ती कमी हलते. पण त्या घट्टपणाची किंमत पट्टी, रॅचेट आणि झाड तिघंही मोजतात. मला स्वतःला मोठा झोळच बरा वाटतो.

लेबलवरचा आकडा वाचताना तो तुटण्याचा भार आहे की वापराची मर्यादा आहे, हे आधी पाहून घ्या. वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या भागात किंवा इतवारीत ट्रकवरचा माल आवळायची ५० मिलिमीटरची रॅचेट-पट्टी मिळते; तिच्यावर ‘५ टन’ लिहिलेलं असेल तर अनेकदा तो तुटण्याचा आकडा असतो. युरोपीय मानकाप्रमाणे बनलेल्या माल-बांधणीच्या पट्टीवर लेबलचा रंगही बोलतो: निळं म्हणजे पॉलिएस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पॉलिप्रॉपिलीन उन्हात सगळ्यात लवकर कुजतं, स्लॅकलाइनला ते घेऊच नये. लेबलच नसेल तर टोकाचा बोटभर तुकडा कापून पाण्यात टाका आणि बोटांनी दाबून त्यातली हवा काढा. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. लेबल नाही, कुणाची होती माहीत नाही, कशी वापरली माहीत नाही, अशी पट्टी तपासत बसण्यातही अर्थ नाही. ती माणसासाठी बाद.

तपासणी हाताने होते, नजरेने नाही

पट्टी बांधलेली असताना तिची तपासणी होत नाही. ती पूर्ण सोडून, रॅचेटमधून काढून, सकाळच्या तिरप्या उजेडात घ्यायची. एका हाताच्या अंगठ्या-तर्जनीत पट्टी धरून दुसऱ्या हाताने हळूहळू ओढत न्यायची, आधी एक बाजू, मग दुसरी, मग दोन्ही कडा. दर हातभर अंतरावर पट्टी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवायची, सपाट असताना बुजलेली चीर वाकवल्यावर उघडी पडते. वाकवताना एखादी जागा बाकीच्यांपेक्षा ताठ लागली तर तिथे थांबायचं. ताठपणा म्हणजे वितळलेले धागे, आत बसलेली माती किंवा कुठल्या तरी द्रवाचा डाग, यांपैकी काहीतरी असतंच.

मग कापसाचा बोळा घेऊन दोन्ही कडांवरून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे बारीक धागे तुटलेले असतात. ही जागा डोळ्यांना फक्त किंचित केसाळ दिसते आणि सहज नजरेतून सुटते. सापडलेल्या जागेवर मार्करने लिहू नका, कारण काही शाईतले द्रावक धाग्याला चालत नाहीत. कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि पुढे जा. पट्टी संपली की चिमटे कुठे कुठे लागलेत ते बघा. ते सगळे एका टोकाकडे जमले असतील तर दोष तुमच्या बांधणीत किंवा रॅचेटमध्ये आहे.

कडेला इतकं महत्त्व का, ते विणीत आहे. पट्टीचा भार लांबीच्या दिशेने जाणारे ताण्याचे धागे उचलतात. आडवे बाण्याचे धागे त्यांना जागेवर धरून ठेवतात. मध्यावर दोन-चार ताणे तुटले तर त्यांचा भार दोन्हीकडच्या शेजाऱ्यांत वाटला जातो. कडेचा धागा तुटला तर शेजार एकाच बाजूला असतो, पट्टी त्या बाजूला तिरपी ओढली जाते, आणि पुढच्या धाग्यावर जास्तीचा जोर येऊन चीर आत सरकू लागते. शिवाय चालताना पाय किंचित तिरका पडला की सगळा ताण एका कडेवर येतोच. म्हणून माझा नियम सरळ आहे: २५ मिलिमीटरच्या पट्टीची कड कापली गेली, ती १ मिलिमीटर असो की ३, ती जागा संपली. ५० मिलिमीटरच्या पट्टीलाही मी यात सूट देत नाही. मधल्या भागातली नुसती लव चालते. ताण्याचा एक अख्खा दोर सलग तुटलेला दिसला तर चालत नाही.

रॅचेटच्या जवळचा मीटरभर भाग सगळ्यात आधी जातो, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. पट्टी रिळाच्या फटीत तिरपी घातली की गुंडाळताना ती एका बाजूला सरकते, बाजूच्या लोखंडी पत्र्यावर चढते, आणि दर टिचकीला तिची कड पत्रा आणि रीळ यांच्यात चिरडली जाते. हे होताना आवाज बदलतो, हँडल जड होतं. तिथेच थांबून सगळं सोडायचं आणि पट्टी सरळ करून पुन्हा घालायची. आणखी दोन दात ओढून ‘बसेल आपोआप’ म्हणायचं नाही. दुसरं कारण म्हणजे फटीची कड. स्वस्त रॅचेटमध्ये रिळाच्या फटीला घासून गोलाई दिलेली नसते, आणि पट्टी तिथे दुमडून सगळा ताण घेते. तिसरं म्हणजे कमी वळसे. रिळावर किमान दोन-अडीच वळसे बसायला हवेत, नाहीतर पट्टी ताणाखाली घसरते आणि घसरताना गरम होते. उलट फार वळसे झाले तर गुंडाळी जाड होऊन चौकटीला घासते. त्यासाठी रॅचेट लावण्याआधीच हाताने पट्टी शक्य तितकी ओढून घ्यायची.

घसरण्याची खूण वेगळीच दिसते. धाग्यांची वीण बुजून तिथे गुळगुळीत, काचेसारखी चमक येते. नखाने खरवडलं तर टणक लागतं. ही चमक म्हणजे वरचे धागे वितळून चिकटलेले असतात. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं, आणि पट्टीवर पट्टी घसरली तर एवढी उष्णता क्षणात तयार होते. कॅरॅबिनरवर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर) वळसे घेऊन ओढायच्या जुन्या पद्धतीत, विशेषतः नायलॉनवर, हे फार दिसतं. वरवर हलकी चमक असेल आणि वाकवल्यावर पट्टी लवचीक राहत असेल तर नजर ठेवून वापरता येईल. वाकवल्यावर करकर आवाज आला किंवा पापुद्रा सुटला, तर तेवढा भाग बाद.

शिवलेल्या टोकाकडे लोक बघतच नाहीत. झाडाभोवतीच्या पट्ट्याची आणि रॅचेटच्या छोट्या पट्ट्याची शिलाई तितकाच भार उचलते. शिलाईचा दोरा पट्टीपेक्षा वेगळ्या रंगाचा असेल तर बरं, तुटलेला टाका लगेच कळतो. एक टाका तुटला की तो पट्टा काढून टाका. ताडपत्री शिवणाऱ्याकडे किंवा चांभाराकडे नेऊन पुन्हा शिवून घेणं नको. त्यांच्या कामात काही खोट नाही, पण भार उचलणारी शिलाई कुठल्या दोऱ्याने, किती टाक्यांत आणि कोणत्या आकारात घालायची हे चाचणी घेऊन ठरलेलं असतं. शिवाय सुईने पाडलेली नवी भोकं जुन्या पट्टीला आणखी कमजोर करतात.

उन्हाचा हिशोब

आता दिसत नाही त्याबद्दल. अतिनील किरण धाग्यातली लांबलचक साखळी तोडतात. सुरुवात वरच्या थरातल्या धाग्यांपासून होते, म्हणून पातळ पट्टीचं नुकसान प्रमाणात जास्त. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा उन्हात थोडं जास्त टिकतं, पण सुटका त्याचीही नाही. रंग उडणं ही खूण खरी आहे, मात्र रंग पक्का असेल तर पट्टी दिसायला ठीक आणि आतून कमजोर असू शकते. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापतं, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि नवतप्यात दुपारी रस्ते ओस पडतात. त्या दिवसांत दोन झाडांमध्ये सोडून दिलेली पट्टी दिवसभर किरण खात असते, वर कुणी चालो न चालो.

यावर एक साधा उपाय पट्टी नवी असतानाच करायचा असतो. तिच्या टोकाचा १५ सेंटिमीटरचा तुकडा कापून, कापलेली कड मेणबत्तीवर हलकी वितळवून घ्या आणि लिफाफ्यात घालून कपाटात ठेवा. लिफाफ्यावर खरेदीचा महिना आणि वर्ष लिहा. दर सहा महिन्यांनी पट्टीचा मधला भाग या तुकड्याशेजारी ठेवायचा. रंग बघा, पण रंगावर थांबू नका: दोन्ही सारखे वाकवा, चिमटीत चोळा. उन्हाने खाल्लेली पट्टी रखरखीत आणि कोरडी लागते, जोरात चोळली की बोटांवर बारीक भुकटी राहते. पांढरी भुकटी दिसली की पुढची चर्चा नको. तुकडा ठेवायचा राहून गेला असेल तर रॅचेटच्या मागे लोंबणारं, नेहमी पिशवीत गुंडाळून राहिलेलं टोक घ्या. ते बहुधा सगळ्यात कमी ऊन पाहिलेलं असतं.

वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: तारीख, पट्टी किती तास बाहेर होती, आणि दुपारचं ऊन लागलं का. चालण्याचे तास लिहायची गरज नाही. माझ्या हिशोबाने, रोज संध्याकाळी पाचनंतर लावून अंधार पडताना काढलेली पॉलिएस्टरची पट्टी तीन वर्षं सहज जाते, कडा नीट असतील तर. अंगणात किंवा फार्महाउसवर कायम बांधून ठेवलेली पट्टी एक उन्हाळा गेला की बदलावी, ती कितीही चांगली दिसली तरी. कुठल्याही प्रयोगशाळेने दिलेले हे आकडे नाहीत, सावधपणे आखलेली मर्यादा आहे. उत्पादकाने पत्रकात यापेक्षा कमी मुदत दिली असेल तर ती पाळायची. गिर्यारोहणाच्या कापडी साहित्याला उत्पादक साधारणपणे १० वर्षांची कमाल मुदत देतात, अगदी न वापरता ठेवलं तरी; स्लॅकलाइनच्या पट्टीलाही त्यापुढे ओढू नये.

पावसाळ्याचं नुकसान त्या मानाने कमी. पॉलिएस्टर ओलं झाल्याने त्याची ताकद फारशी घटत नाही. नायलॉन पाणी पितं, लांबतं, आणि ओलं असेपर्यंत त्याची ताकद साधारण दहा-पंधरा टक्के कमी असते. वाळलं की परत येते. बुरशीने हे कृत्रिम धागे खाल्ले जात नाहीत, पण ओल्या पट्टीला चिकटलेली काळी माती आत घट्ट बसते आणि रॅचेट गंजतं. गंजाचा खडबडीत थर पुढे पट्टीला कापतो. उन्हाळ्यात पिशवी कूलरच्या बाजूला ठेवली तरी हेच होतं. कूलरची ओल आठवड्याभरात लोखंडावर दिसते.

झाड, चुना, मांजा

आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारतात. ताजा ओला चुना अल्कली असतो, आणि पॉलिएस्टरला अल्कलीचंच वावडं. वाळून जुना झालेला चुना रासायनिकदृष्ट्या तितका त्रास देत नाही, पण त्याची खरखर पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून गोणपाटाचा दुहेरी थर किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा आधी झाडाला, पट्टा त्यावर. यात झाडाची सालही वाचते, आणि खरं तर तेच पहिलं कारण असायला हवं. खोड किमान ३० सेंटिमीटर जाडीचं घ्या. कडुलिंब, चिंच चांगली. गुलमोहर आणि शेवगा ठिसूळ, त्यांना बांधूच नका. साल फुटून डिंक आलेली जागा टाळा, डिंकाला चिकटलेली वाळू मग पट्टीसोबत घरी येते.

संक्रांतीनंतरचे दोन महिने आणखी एक गोष्ट बघायची. बंदी असूनही नायलॉन मांजा झाडाझाडांवर लटकत असतो, त्याचे तुकडे सालीच्या खाचांत अडकतात. ताणलेल्या पट्टीखाली असा मांजा आला तर तो घासून आणि वितळवून, दोन्ही प्रकारे कापतो. काचेचा मांजा तर विचारूच नका. पट्टा लावण्याआधी खोडावरून हात फिरवा, हातमोजा घालून. पट्टीवर मांजाची रेषा कशी दिसते ते लक्षात ठेवा: ब्लेडने आडवी ओढल्यासारखी बारीक, सरळ, आणि कडेपाशी सुरू झालेली. घर्षणाची झीज पसरट असते, तिच्याशी गल्लत होत नाही.

घरात धोका आहे इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. तिच्यातलं आम्ल नायलॉनला विरघळवतं, आणि थेंब वाळल्यावर डागाखेरीज काही दिसतही नाही. पट्टीची पिशवी बॅटरीजवळ, स्कूटरच्या डिक्कीत ऑइलच्या बाटलीशेजारी किंवा संडास साफ करायच्या आम्लाच्या कपाटात ठेवायची नाही. बॅटरीचं आम्ल किंवा ओळखू न येणारं रसायन लागलं असा नुसता संशय असेल तरी पट्टी बाद करा. धुऊन आम्ल गेलं तरी झालेलं नुकसान भरून येत नाही.

धुण्याबद्दल थोडक्यात. बादलीत साधं गार पाणी, लोकरीच्या कपड्यांचा सौम्य द्रव साबण, अर्धा तास भिजवून हाताने खळबळणं, दोन-तीन पाणी बदलणं, सावलीत वाळवणं. ब्लीच नको, कपड्यांचा ब्रश नको, गच्चीवरचं ऊन तर नकोच. वर्षातून तीन-चार वेळा पुरे, पण मुरुमाच्या मैदानावर पट्टी पडली असेल तर त्याच दिवशी. आत गेलेला प्रत्येक खडा दर उसळीला धागे आतून घासतो. बूट घालून चालणाऱ्यांच्या पट्टीचा मधला भाग याच कारणाने केसाळ होतो. अनवाणी किंवा स्वच्छ पातळ तळव्याचे बूट बरे.

तपासणीनंतर निकाल लावताना एक सवलत घेता येते. खराबी फक्त टोकाकडच्या मीटरभर भागात असेल आणि बाकीची पट्टी लिफाफ्यातल्या तुकड्याशी ताडून चांगली ठरत असेल, तर दोषाच्या पलीकडे ३० सेंटिमीटर चांगला भाग सोडून तिथे कापा आणि उरलेली पट्टी कमी अंतरासाठी वापरा. कापलेलं टोक सरळ आणि पातळ वितळवा. तिथे गोळा झाला तर तो रॅचेटच्या फटीत अडकतो आणि टोकदार कड बाकीच्या वळशांना बोचते. खराबी मध्यावर असेल तर दोन तुकडे होतील, ते गाठीने जोडू नका. गाठीमुळे ताकद तिसरा हिस्सा ते अर्ध्यापर्यंत घटते. आणि ऊन लागून रखरखीत झालेल्या पट्टीला ही सवलत नाही, कारण तिथे खराब जागा म्हणजे अख्खी पट्टीच.

सीमेवरची पट्टी, म्हणजे अजून बाद नाही पण शंका आहे अशी, मुलांच्या गटाला ‘सरावासाठी’ द्यायची पद्धत मला अजिबात पटत नाही. वजन कमी असलं तरी मुलं एकावेळी दोन-तीन चढतात आणि उड्या मारतात. तुटल्यावर चालणारा गवतावर पडतो ते एक वेळ ठीक, पण ताणलेलं रॅचेट सुटून उडतं आणि ते किलोभर लोखंड कुणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही. पट्टी नवी असो की जुनी, रॅचेट वेगळ्या दोराने झाडाच्या पट्ट्याला बांधून ठेवा आणि त्या टोकाच्या रेषेत कुणाला बसू देऊ नका.

बाद ठरवलेली पट्टी त्याच दिवशी दीड-दीड मीटरचे तुकडे करून टाका. अख्खी गुंडाळून माळ्यावर ठेवलेली पट्टी पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी काढतंच. तुकडे सामान बांधायला, कुंड्या अडकवायला, गाडीच्या कॅरिअरला चालतात.

नवी पट्टी घालण्याआधी जुन्या रॅचेटकडे वळा. रिळाच्या फटीच्या दोन्ही कडांवरून आणि चौकटीच्या आतल्या बाजूवरून तोच कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे धातूची बारीक धार उठलेली आहे. बारीक कानस आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारून ती गोल करा, लोखंडाचा कीस ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि कापूस अडकेनासा होईपर्यंत पुन्हा तपासा. रीळ वाकलेलं असेल किंवा दात झिजून खटका घसरत असेल, तर पट्टीसोबत रॅचेटही नवं घ्या.